पोटदुखीचे मूळ पोटात नव्हते



दुखते एका ठिकाणी आणि कारण असते दुसऱ्या ठिकाणी, असे आपल्या शरीरात पुष्कळदा घडते. हृदयाला रक्त कमी पडले तर काही जणांचा डावा हात दुखतो. खुब्याच्या सांध्यात बिघाड झाला तर लहान मूल गुडघ्याला हात लावून रडते. चांगला डॉक्टर म्हणूनच दुखऱ्या जागेपाशी थांबत नाही. तो मागे मागे जात मुळाचा शोध घेतो. आज आपण असाच एक शोध घेऊ. त्यासाठी थोडे जीवशास्त्र, थोडे मराठी व्याकरण आणि थोडा कायदा लागेल.

यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ राजूर नावाचे गाव आहे. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या ही त्याची ओळख. समजा, अशा गावातले नववीतले एक मूल आईबरोबर आरोग्य केंद्रात आले आहे. हे मूल आपण कल्पनेने उभे केले आहे, पण त्याच्यासारखी मुले खरोखर असतात. शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव मुलग्यांच्या यादीत आहे. महिन्यात दुसऱ्यांदा पोट दुखत आहे.

"मॅडम, शाळेत चाल म्हटलं का याचं पोट दुखते जी," आई म्हणते.

डॉक्टरबाई पोट तपासतात. ओटीपोटावर हात ठेवताच मूल कळवळते. लघवीच्या तपासणीत पू आणि जंतुसंसर्गाची खूण दिसते. ताप थोडा आहे. औषध लिहून दिले की पाच-सात दिवसांत बरे वाटेल. पण मागच्या वेळीही असेच झाले होते. मग पुन्हा का झाले?

"दिवसभरात पाणी किती पितोस?" बाई विचारतात.

"शाळेत प्यायचं नसतं," उत्तर येते.

"का बरं?"

"प्यायलं की लघवीला जावं लागतं."

येथे बाईंना पहिला धागा सापडतो. लघवी तासन् तास अडवून धरली आणि पाणीही कमी प्यायले, की मूत्राशयात जंतू वाढायला अवसर मिळतो. मलही कडक होतो. पोटदुखीचा उलगडा झाला. पण मूल शाळेच्या स्वच्छतागृहात का जात नाही, हा प्रश्न उरलाच.

व्याकरणातला धागा

बाईंच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. "मला बरं वाटत नाही", "मला जावंसं वाटत नाही", "पाणी प्यायचं नसतं" अशीच सगळी वाक्ये. "मी जातो" किंवा "मी जाते" असे एकदाही नाही.

मराठीत बोलताना आपण दर वाक्याला स्वतःचे लिंग सांगत असतो, हे तुमच्या कधी लक्षात आले आहे का? इंग्रजीत किंवा बंगालीत "मी जातो" आणि "मी जाते" यांसाठी क्रियापद एकच असते. मराठीत तसे चालत नाही. मी आलो की आले, गेलो होतो की गेले होते, हे ठरवल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांना याचा विचारही करावा लागत नाही. पण ज्या मुलाला "आलो" म्हणताना आपण खोटे बोलत आहोत असे वाटते आणि "आले" म्हणण्याची भीती वाटते, ते काय करील? ते अशी वाक्ये शोधून काढील की ज्यांत दोन्ही टाळता येतील. दिवसभर असे तोलून बोलणे किती थकवणारे असेल, याचा प्रयोग तुम्ही स्वतः करून पाहा. एक तास बोलताना "मी" बरोबर येणारे प्रत्येक लिंगदर्शक क्रियापद टाळा. तासाभरात तुम्ही गप्प बसणे पसंत कराल.

आपल्या मराठीत "मूल" हा शब्द नपुंसकलिंगी आहे, हे एक बरे. या लेखापुरते आपण तेच वापरू.

देह कसा घडतो

आता जीवशास्त्राकडे वळू. आईच्या पोटात गर्भ वाढू लागतो तेव्हा पहिले सुमारे सहा आठवडे मुलगा आणि मुलगी यांची जननग्रंथींची रचना सारखीच असते. एकाच कच्च्या ग्रंथीतून पुढे वृषणही होऊ शकते आणि अंडाशयही. सामान्यतः ज्या गर्भात एक्स आणि वाय ही गुणसूत्रे असतात, त्यात वाय गुणसूत्रावरचे एक जनुक कळ दाबावी तसे काम करते आणि ग्रंथीचे वृषण बनू लागते. हे जनुक लंडनच्या शास्त्रज्ञांनी १९९० साली शोधून काढले. पुढे वृषणातून टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवते आणि त्याच्या प्रभावाने पुरुषाची इंद्रिये घडतात.

पायऱ्या अनेक असल्या की वाटाही अनेक फुटतात. काही व्यक्तींच्या पेशींत वाय गुणसूत्र असते, टेस्टोस्टेरॉनही तयार होते, पण पेशी त्याला दादच देत नाहीत. अशा व्यक्तीचा देह बाहेरून स्त्रीचा दिसतो. जन्मतःच देहरचना अशी मधली किंवा वेगळी असलेल्या व्यक्तींना आंतरलिंगी म्हणतात.

बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांची हकिकत तुमच्या घरच्यांनी वाचली असेल. मुलगी म्हणून वाढलेल्या या व्यक्तीच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळले. नोकरी सांभाळून शस्त्रक्रिया करता यावी म्हणून त्यांनी २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. तेव्हा ते प्रौढ होते, आणि निर्णय त्यांनी स्वतः घेतला होता. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पुढे त्यांचे काम पडेल.

मनाची ओळख

देहाचे लिंग ही एक गोष्ट. "मी मुलगा आहे" किंवा "मी मुलगी आहे" ही आतली जाणीव ही दुसरी. तिला आपण लिंगओळख म्हणू. बहुतेक मुले तीन वर्षांची होईतो आपण कोण ते सांगू लागतात, आणि बहुतेकांत देह व ओळख यांचा मेळ असतो. काहींत तो नसतो. अशा व्यक्तींना मराठीत पारलिंगी म्हणतात. तृतीयपंथी हा शब्दही तुम्ही ऐकला असेल. २०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज "इतर" हा रकाना प्रथमच ठेवला गेला. त्यात देशभरात ४ लाख ८७ हजारांहून अधिक आणि महाराष्ट्रात ४० हजारांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. भीतीमुळे ज्यांनी सांगितलेच नाही, ते यात धरलेले नाहीत.

हा मेळ का जमत नाही? यासाठी कोणतेही एक जनुक किंवा एक संप्रेरक सापडलेले नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा काही वाटा असावा असे दिसते. आईवडिलांच्या लाडामुळे किंवा कडकपणामुळे मूल पारलिंगी होते, याला पुरावा नाही.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. रांगोळी काढणारा मुलगा किंवा झाडावर चढणारी, केस बारीक कापणारी मुलगी पारलिंगी असतेच असे मुळीच नाही. आवडीनिवडी ही तिसरीच गोष्ट आहे. लहानपणी "मला मुलगी व्हायचे आहे" असे म्हणणारी सगळीच मुले मोठेपणी तसे म्हणत नाहीत. म्हणून जाणते डॉक्टर मुलाला कोणत्याच बाजूला ढकलत नाहीत. ते ऐकतात आणि वेळ देतात.

हा आजार आहे काय?

एके काळी डावखुऱ्या मुलांचा डावा हात बांधून ठेवीत, उजव्या हाताने लिहायला लावीत. त्यामुळे डावखुरेपण गेले नाही. अक्षर बिघडले आणि मुले शाळेला भिऊ लागली. डावखुरेपण हा आजार नव्हता, बांधून ठेवल्याने मात्र त्रास झाला.

लिंगओळखीच्या बाबतीत वैद्यकशास्त्र याच वाटेने शिकत गेले. पूर्वी हिची गणना मनोविकारांत होत असे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०१९ साली मंजूर केली आणि ती २०२२ पासून अमलात आली. तीत "लिंग-विसंगती" मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. यादीतून ती पूर्णपणे वगळली नाही, कारण ज्यांना मदत हवी त्यांना दवाखान्याचे दार खुले राहावे.

भारतातही महत्त्वाचे पाऊल पडले. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली जाहीर केले, की कुणाची लिंगओळख किंवा लैंगिक कल बळेच "बदलून देण्याचे" उपचार करणे हे डॉक्टरच्या व्यवसायातील गैरवर्तन होय. मुलाला झोडपणे, उपाशी ठेवणे किंवा अंगारेधुपारे करणे यांनी ओळख बदलत नाही. मुलाचा विश्वास मात्र तुटतो.

वयात येताना

मग मदत कशासाठी लागते? आपल्या मुलाचे वय पाहा. चौदा-पंधरा वर्षे.

मुली साधारण आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान आणि मुलगे नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान वयात येऊ लागतात. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा भाग आहे. तो एका संप्रेरकाचे ठोके, म्हणजे थांबून थांबून सुटणारे अल्प डोस, पीयूषिका ग्रंथीकडे पाठवू लागतो. ती जागी होते आणि वृषण किंवा अंडाशय यांना कामाला लावते. आवाज फुटतो, मिसरूड येते. किंवा स्तन वाढतात, पाळी सुरू होते.

तुम्हालाही या बदलांचा थोडा संकोच वाटला असेल. आता कल्पना करा, की तुमचा देह रोज थोडाथोडा तुमच्या ओळखीच्या उलट दिशेने चालला आहे. काही मुले वाढ थांबावी म्हणून जेवण टाकतात. काही एकटी राहू लागतात. चिडवणे आणि मारहाण यांची भर पडली, की खिन्नता येते आणि जीव नकोसा वाटू लागतो. ही खिन्नता ओळखीतून आपोआप येत नाही. बऱ्याच अंशी ती भोवतालच्या वागणुकीतून येते. पाठीशी घर उभे असलेल्या पारलिंगी मुलांची मनःस्थिती अधिक चांगली असते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

आरोग्य केंद्रात काय करता येते

प्राथमिक आरोग्य केंद्र ही सरकारी आरोग्यव्यवस्थेची गावाजवळची पायरी. सपाट प्रदेशात साधारण ३० हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक केंद्र, असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. तेथे संप्रेरकतज्ज्ञ नसतो, मोठी प्रयोगशाळाही नसते. तरी पुष्कळ काही होऊ शकते. आपल्या डॉक्टरबाई काय करतात ते पाहा.

पहिली गोष्ट, त्या आईला म्हणतात, "ताई, थोडा वेळ बाहेर बसता का? या वयाच्या सगळ्याच मुलांशी मी पाच मिनिटं एकटीनं बोलते."

दुसरी गोष्ट, त्या मुलाला आधीच सांगतात, "तू सांगशील ते तुला न विचारता मी कुणाला सांगणार नाही. मात्र तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्यावर अत्याचार करीत असेल, तर मला मदत बोलवावी लागेल." गुप्ततेचे वचन आणि त्याची मर्यादा दोन्ही सांगितल्याने विश्वास पक्का होतो.

तिसरी गोष्ट, त्या एक साधा प्रश्न विचारतात, "तुझ्याशी बोलताना मी 'आलास' म्हणू की 'आलीस'?"

मूल बराच वेळ खाली पाहत राहते. मग हळूच म्हणते, "इथं 'आलीस' म्हटलं तरी चालेल."

या प्रश्नाला ना सुई लागते ना गोळी. पण त्यानंतर मूल बोलू लागते. मुलग्यांच्या स्वच्छतागृहात दोघे-तिघे जण दार ढकलतात, कपडे ओढतात, म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी प्यायचे नाही असा त्याने नेम केला आहे. पोटदुखीचे मूळ आता सापडले.

पुढे बाई ठराविक क्रमाने विचारतात: घरी कसे आहे, शाळेत कसे, जेवण-झोप कशी, फावल्या वेळात काय करतेस, तंबाखू-दारूचा संबंध आहे का, मन उदास असते का, जीव द्यावासा कधी वाटला का, कुणाची भीती आहे का. जीव द्यावासा वाटतो का असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, हा गैरसमज आहे. विचारल्याने बोलायला वाट मिळते.

मग नेहमीची तपासणी: वजन, उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन. नको तेथे तपासायचे नाही, आणि जे तपासायचे ते आधी सांगून. पारलिंगी मुलांनाही तुमच्यासारखाच खोकला होतो, रक्तक्षय होतो, दात किडतात. त्यांच्या प्रत्येक दुखण्याचा संबंध लिंगओळखीशी लावणे ही डॉक्टरची चूकच होय. यालाच लिंगओळखीला मान देणारी आरोग्यसेवा म्हणतात. तिचा पाया एवढा साधा आहे.

२०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी स्वतंत्र सल्ला केंद्रे सुरू झाली. महाराष्ट्रात त्यांना "मैत्री" हे नाव दिले गेले. यवतमाळ जिल्ह्यात तर शेतकऱ्यांच्या मानसिक त्रासासाठी २०१५ नंतर "प्रेरणा" प्रकल्प राबवला गेला, आणि घरोघर जाऊन मनाचे दुखणे ओळखण्याचे काम आशाताईंनी केले. शेतकऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ ज्यांना कळतो, त्यांना मुलाच्या गप्प बसण्याचाही कळू शकतो.

औषधांचा प्रश्न

"मग पुढे औषध देऊन देह बदलता येतो का?" असे तुम्ही विचाराल. उत्तर नीट समजून घ्या.

अधश्चेतकाचे संप्रेरक ठोक्याठोक्याने आले तरच पीयूषिका काम करते, हे आपण पाहिले. तेच संप्रेरक सारखे आणि सतत मिळत राहिले, तर ती दाद देईनाशी होते आणि वयात येणे थांबते. या तत्त्वावरची औषधे सहा-सात वर्षांच्या, फार लवकर वयात येणाऱ्या मुलांसाठी १९८० नंतरच्या दशकापासून वापरात आहेत. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी १९९० नंतर ती पारलिंगी किशोरांना देऊन पाहिली. विचाराला वेळ मिळावा हा हेतू. औषध थांबवले की वयात येणे पुन्हा सुरू होते. पण त्या काळात हाडांत खनिजे साठण्याचा वेग मंदावतो, हा तोटा आहे.

यापुढची पायरी म्हणजे ईस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन देणे. यांतले काही बदल परत फिरत नाहीत. टेस्टोस्टेरॉनने जाड झालेला आवाज औषध सोडले तरी पूर्ववत होत नाही. पुढे मूल होण्याच्या क्षमतेवरही परिणाम होऊ शकतो. शस्त्रक्रिया हा तर सामान्यतः प्रौढांचा विषय. ललित साळवे यांचे वय आठवा.

किशोरांना ही औषधे केव्हा द्यावीत याविषयी आज शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेतील संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली आणि पारलिंगी आरोग्याच्या जागतिक संघटनेने २०२२ साली निवडक किशोरांसाठी, पूर्ण तपासणीनंतर, ती योग्य ठरवली. उलट स्वीडनने २०२२ साली त्यांचा वापर फार मर्यादित केला. इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या समितीने २०२४ साली, उपलब्ध पुरावा दुबळा आहे असा निष्कर्ष काढला आणि तेथे वाढ थांबवणारी औषधे पारलिंगी किशोरांना नेहमीच्या उपचारात देणे बंद झाले. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथील तज्ज्ञांनी २०२५ साली सर्व पुरावा पाहून, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र विचार करून औषधाचा मार्ग खुला ठेवला.

एकाच प्रश्नाची उत्तरे वेगळी का? रुग्ण थोडे, परिणाम दिसायला वर्षे लागतात, आणि निम्म्या मुलांना औषध देऊन निम्म्यांना न देण्याचा प्रयोग करणे अवघड. पुरावा अपुरा असला की त्याचे वजन प्रत्येक जण वेगळे करतो. विज्ञानात असे होते. नवा पुरावा येईल तसे मत बदलण्याची तयारी ठेवणे हाच त्यावर उपाय.

मात्र एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ सहमत आहेत: मुलाचे नीट ऐकावे, त्याचा अपमान करू नये, त्याच्या मनाची काळजी घ्यावी आणि घाई करू नये. म्हणजे वादाचा भाग मोठ्या रुग्णालयात आहे, आणि ज्यात वाद नाही तो भाग गावच्या आरोग्य केंद्रात करता येतो. आपल्या देशात १८ वर्षांखालच्या व्यक्तीच्या उपचाराला पालकांची संमती लागते. औषधांचा विचार मानसोपचारतज्ज्ञ आणि संप्रेरकतज्ज्ञ यांनी मिळून करायचा असतो. राजूरच्या मुलाला त्यासाठी आधी वणी आणि मग यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची किंवा नागपूरची वाट धरावी लागेल. चिठ्ठी देऊन, कुणाला भेटायचे ते सांगून, परत आल्यावर पुन्हा विचारपूस करणे हे आरोग्य केंद्राचे काम.

एक धोक्याची सूचना. कुणी सांगितले म्हणून औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून घेणे फार घातक आहे. त्यांनी शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. छाती दिसू नये म्हणून घट्ट पट्ट्या आवळल्याने श्वास कोंडतो आणि बरगड्यांना इजा होते. भोंदू माणसाकडून करून घेतलेल्या शस्त्रक्रियेने जीव जाऊ शकतो. असे मार्ग मुले कशी धरतात? विचारायला जागा उरली नाही म्हणजे. सामाजिक कार्यकर्त्या गौरी सावंत पुण्यात वाढल्या. त्यांना तरुण वयात घर सोडून मुंबईस जावे लागले. पुढे २००० साली त्यांनी "सखी चार चौघी" ही संस्था उभारली आणि इतरांना आधार दिला. पण घर सोडणारे प्रत्येक मूल असे सुखरूप पोचत नाही.

कायदा आणि शाळा

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींना नागरिक म्हणून समान हक्क आहेत असा निकाल दिला. २०१९ साली संसदेने त्यांच्यासाठी कायदा केला. शिक्षणात व आरोग्यसेवेत भेदभाव करू नये आणि केवळ पारलिंगी आहे म्हणून मुलाला आईवडिलांपासून तोडू नये, असे त्यात म्हटले.

पण आपल्या मुलाला तातडीने हवे होते ते एक सुरक्षित स्वच्छतागृह. डॉक्टरबाईंनी मुलाला आणि मग आईला विचारून मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहिली: "या विद्यार्थ्यास वैद्यकीय कारणासाठी वेगळे स्वच्छतागृह वापरू द्यावे आणि वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्यावी." कारण काय ते लिहिले नाही. तेवढे कळण्याची शाळेला गरज नव्हती. दार ढकलणाऱ्या मुलांची तक्रार मात्र आईने वेगळी केली.

आईला सगळे पटले असे समजू नका. ती म्हणाली, "लोक काय म्हणतील जी?" बाई म्हणाल्या, "ताई, लोकांचं मी काही सांगू शकत नाही. पण पोरगं तुमच्यापाशी बोललं, तर ते घरात राहील. पुढच्या बुधवारी दोघं या." आई काही बोलली नाही. बुधवारी मात्र दोघेही आली. पाण्याची बाटली अर्धी रिकामी होती.

तुमच्या वर्गात असे कुणी असेल किंवा नसेलही. कुणी आहे का, याचा शोध घेत बसू नका. ते तुमचे काम नव्हे. कुणी विश्वासाने सांगितले तर ते पुढे सांगू नका. चिडवणे चालू असेल तर शिक्षकांना कळवा. आणि तुम्हाला स्वतःला फार उदास वाटत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर लगेच विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. १४४१६ हा "टेली मानस"चा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांकांना पैसे पडत नाहीत.

विचार करा

१. आपल्या मुलाचा जंतुसंसर्ग औषधाने बरा होऊनही पुन्हा का झाला? कारणांची साखळी क्रमाने लिहा.

२. एकाच संप्रेरकाचे ठोके आणि त्याचाच सतत पुरवठा यांचे परिणाम उलट का होतात?

३. देहाचे लिंग, लिंगओळख आणि आवडीनिवडी यांतला फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.

४. तुमच्या शाळेत दिवसभर पाणी न पिणारी मुले-मुली आहेत का? कोणत्या कारणांनी? मुख्याध्यापकांना काय सुचवाल?